चोवीस खिसे

आईने दादाच्या सगळ्या कपड्यांचे खिसे शिवून टाकले, तेव्हा भोंग्याला आधी हसूच आलं होतं. माणसं कपाटाला कुलूप लावतात, पेटीला लावतात, फार तर सायकलला. तिच्या आईने पँटींना लावलं! आणि तेही असं की कुलूप आहे कुठे ते शोधून सापडू नये. खिशाच्या तोंडावर आतून बारीक तुरपाई, कापडाच्या रंगाचाच दोरा, एकेक टाका मुंगीच्या पावलाएवढा. दादाने सवयीने हात खाली नेला की बोटं कापडावरून घसरायची आणि तो क्षणभर तसाच उभा राहायचा, स्वतःच्याच घराची बेल वाजवून कुणी दार उघडायची वाट बघत उभं राहावं तसा.

गंमत अशी की याच आईने दादाच्या लहानपणी त्याच्यामागे एकच धोशा लावला होता : "खिशात हात घालून चालू नकोस रे, खिसे ओघळतात!" शिंपिणीचा मुलगा ओघळलेल्या खिशांनी हिंडला तर दुकानाची अब्रू काय राहील?

दुकान खाली, घर वर. दुकानात आईची दोन मशिनं, बाबांचं इस्त्रीचं टेबल, आणि भिंतीला लांबच्या लांब दांडी, जिच्यावर तयार कपडे तारखेची चिठ्ठी लावून टांगलेले असत. आई शिवायची, बाबा इस्त्री करायचे, आणि भोंगा शाळेतून आली की गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना पावत्या फाडून द्यायची. भोंगा हे तिचं शाळेतलं नाव. या वर्षी प्रार्थनेच्या वेळी माइक बंद पडला होता आणि नववीतल्या या काडीएवढ्या मुलीने आख्ख्या बातम्या माइकशिवाय वाचल्या होत्या. शेवटच्या रांगेतल्या पोरांनी नंतर कानात बोटं घालून अभिनंदन केलं. तेव्हापासून ती कुठेही गेली तरी आवाज दोन पावलं पुढे आणि ती मागे, असंच चाललं होतं. आई म्हणायची, "हळू बोल गं, भिंतींनासुद्धा कान असतात." भोंगा म्हणायची, "असू देत की. त्यांनाही कळू दे."

पण एक गोष्ट भिंतींनाही कळू द्यायची नव्हती. दादा गोळ्या घ्यायचा.

दीड वर्षापूर्वी गोदामात काम करताना तो शिडीवरून पडला. पाठीला मार लागला, डॉक्टरांनी दुखणं थांबायच्या गोळ्या लिहून दिल्या. दुखणं गेलं, गोळ्या राहिल्या. दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याने कपाटातला एक कप्पा स्वतःचा करून घ्यावा, तशा राहिल्या. चिठ्ठी संपल्यावर त्या बस स्टॉपवरच्या एका टोपीवाल्याकडून यायला लागल्या. गोदामातलं काम सुटलं. बाबांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. आईने एकदा सापडलेल्या सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या, तर तीन दिवस तो घामाने निथळत, कुडकुडत, हातपाय झाडत पडून होता. आई येईल त्याला सांगायची, "ताप आलाय हो, साथ आहे ना." चौथ्या दिवशी तो बाहेर जाऊन आला आणि एकदम बरा दिसायला लागला. कसा बरा झाला ते तिघांनाही कळलं होतं. आणि त्याच दुपारी आईने सुईत दोरा ओवला होता.

तीन आठवडे सगळं शांत होतं. आई मनातल्या मनात खूष होती. तिच्या टाक्यांपुढे कुणाची काय बिशाद!

मग एका गुरुवारी नर्सबाई आल्या.

कोपऱ्यावर जिथे रस्ता दोन्हीकडे फुटतो, तिथून डावीकडे आरोग्य केंद्र आणि उजवीकडे बस स्टॉप. नर्सबाई त्या आरोग्य केंद्रातल्या. ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवून ठेवायची सवय, आणि आवाज इतका हळू की भोंग्याला तो ऐकताना आपल्याच कानात काही बिघडलंय असं वाटायचं. त्यांचा निळा कोट लांबी कमी करायला आला होता. चिठ्ठीवर तारीख शनिवारची होती, पण त्यांना घाई होती म्हणून बुधवारीच घेऊन गेल्या होत्या.

"कोटाच्या खालच्या दुमडीबद्दल आले होते," त्या म्हणाल्या.

"उसवली का? द्या, आत्ता घालून देते." आई हसून म्हणाली.

"ती नाही उसवली. मी उसवली."

त्यांनी कोट टेबलावर पसरला. वीतभर दुमड उघडी होती. उरलेल्या शिलाईवर आईची नजर गेली आणि तिचं हसू जिथल्या तिथे थांबलं. भोंग्यानेही पाहिलं. आईचे टाके उजवीकडे झुकतात. हे डावीकडे झुकलेले होते. या दुकानात डाव्या हाताने शिवणारा एकच माणूस होता. सात वर्षांचा असताना याच टेबलावर बसून तुरपाई शिकलेला, आणि आईने गल्लीभर कौतुक केलेला.

"आत अकरा गोळ्या होत्या," नर्सबाई म्हणाल्या.

"बटणं असतील," आई म्हणाली.

भोंग्याने आईकडे डोळे फाडून पाहिलं. आयुष्यात आईने तिला खोटं बोलल्याबद्दल जेवढे धपाटे घातले होते ते सगळे एका रांगेत येऊन उभे राहिले.

"जादाची बटणं आम्ही आत शिवून देतो," आई पुढे म्हणाली. "एखादं तुटलं तर पंचाईत नको म्हणून."

"ही बटणं चंदेरी पट्टीत होती," नर्सबाई म्हणाल्या. आवाजात ना राग, ना टोमणा. "आणि मी वीस वर्षं नर्स आहे हो."

मागे बाबांची इस्त्री एका जागी थांबली. कापडाचा वास यायला लागला तशी त्यांनी ती पटकन उचलली.

खिसे बंद झाल्यावर दादाने अख्ख्या दुकानालाच खिसा केलं होतं! दांडीवरच्या कपड्यांच्या तारखा बघायच्या, ज्याला अजून दोन-तीन दिवस आहेत त्याची दुमड उसवायची, आत गोळ्या ठेवून परत शिवायची, आणि गिऱ्हाईक यायच्या आत काढून घ्यायच्या. नर्सबाई तीन दिवस आधी आल्या नसत्या, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. ही युक्ती फक्त शिंप्याच्याच पोराला सुचू शकते, असं भोंग्याच्या मनात आलं, आणि तिला एका बाजूने अभिमान वाटला नि दुसऱ्या बाजूने भीती.

"मी तक्रार करायला आले नाहीये," नर्सबाई म्हणाल्या. "गोळ्या केंद्रात जमा केल्या, त्या नष्ट होतील. मी सांगायला आले की बुधवारी पाच वाजता आमच्या वरच्या खोलीत काही माणसं बसतात. ज्यांच्या घरात कुणी असं अडकलंय, ती."

"तो नाही हो यायचा," आई पुटपुटली. बटणांचं नाटक तिने सोडून दिलं होतं.

"त्याला नाही बोलावत. तुम्हाला बोलावतेय."

"म्हणजे आजारी तो आणि औषध मी घ्यायचं?"

नर्सबाईंनी आईचा डावा हात हातात घेतला. बोटांच्या टोकांवर सुई टोचल्याचे बारीक लाल ठिपके होते. किती, ते भोंग्याने कधी पाहिलंच नव्हतं. तीस वर्षं शिवणाऱ्या बाईला सुई टोचत नाही. आईला बोटात घालायचं अंगुस्तानसुद्धा लागायचं नाही.

"रात्री किती वाजता डोळा लागतो?" नर्सबाईंनी विचारलं.

आईने हात काढून घेतला आणि कोटाची दुमड घालायला बसली.

त्या गेल्यावर भोंगा म्हणाली, "आई, जाऊ या ना आपण!"

"झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या केंद्राचा जिना रस्त्यावरून दिसतो. मी चढताना चार बायकांनी पाहिलं की पाचवीला काय सांगायचं?"

"गुडघे दुखतात म्हणून सांग."

"गुडघे दुखणारी बाई जिना चढेल का, शहाणे?"

पण भोंग्याने ठरवून टाकलं. आई जात नाही तर मी जाणार. मला काय धाड भरलीय? हजार मुलांसमोर बोलते मी!

बुधवारी शाळा सुटल्यावर ती वाचनालयाचं नाव सांगून निघाली, आणि जिना एका वेळी दोन-दोन पायऱ्या करत चढली. दप्तरात दोन पानांचं भाषण होतं. तिने ते मंगळवारी इतिहासाच्या तासाला लिहिलं होतं, आणि तिच्या मते ते ऐकून तिथली माणसं टाळ्या वाजवतील, नर्सबाई एखादा खात्रीचा उपाय कागदावर लिहून देतील, आणि तो घेऊन ती विजयी वीरासारखी घरी येईल.

खोली मात्र अगदीच साधी निघाली. गोलात मांडलेल्या आठ खुर्च्या, त्यातल्या दोन डुगडुगणाऱ्या. कोपऱ्यात नजर तपासायचा अक्षरांचा तक्ता भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. चहाची किटली, बिस्किटं. पाच-सहा माणसं होती. एक निवृत्त बसचालक, ज्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत होते. एक गणिताचे सर, ज्यांच्या शर्टाच्या खिशाला चार पेनं होती. बाकीच्या तीन बायका. आपल्यासारखं हे इतक्या जणांच्या घरात आहे? भोंग्याने मनाशी मोजलं, आणि घरोघरी मातीच्या चुली असं आई दुसऱ्यांच्या भांडणांवर म्हणायची ते तिला आठवलं.

"घरी सांगून आलीस?" नर्सबाईंनी विचारलं.

"हो. म्हणजे... वाचनालयात जाते म्हणून."

"मग मी दुकानात फोन करते. तू इथे आहेस, सुखरूप आहेस, एवढंच सांगते. लपून आलेल्या माणसाला इथे बसून काही फायदा होत नाही बाळा. लपवणंच तर उतरवायला येतात सगळे."

पण आता माघार कसली? त्या फोन करून परत येताच ती उभी राहिली, कागद ताठ धरले, घसा साफ केला.

"सन्माननीय उपस्थितहो! व्यसन ही समाजाला लागलेली कीड आहे. आजचा तरुण—"

"बस गं पोरी, बस," ड्रायव्हरकाका म्हणाले. "इथे कुणी उभं राहून बोलत नाही. ऐकणाऱ्यांचे पाय दुखतात."

सगळे हसले. भोंगा बसली, नेमकी डुगडुगणाऱ्या खुर्चीवर.

"कोण आहे तुझ्या घरी?" काकांनी विचारलं.

"दादा."

"कसा आहे?"

"गोळ्या घेतो."

"ते कळलं. पण कसा आहे?"

भोंग्याच्या कागदावर हे नव्हतं. तिने दोन्ही पानं उलटून पाहिली, खरंच नव्हतं. दादा कसा आहे? दादा मशिनच्या तालावर शीळ घालायचा. दादा डाव्या हाताने लिहायचा म्हणून त्याच्या वह्यांवर कायम शाई फासलेली असायची. आणि ती पहिलीत असताना... वर्गात तिच्या तोंडातून शब्द फुटत नसे, बाई हजेरी घ्यायच्या तर ती 'हजर' म्हणताना रडायची. तेव्हा दादा तिला गच्चीवर घेऊन गेला होता. तिथे पाण्याची एक रिकामी टाकी होती. तिच्या भोकात तोंड घालून म्हणाला, "हं, आता इथे ओरड. टाकी कुणाला सांगत नाही." ती आधी कुजबुजली. मग बोलली. मग इतकी ओरडली की टाकीने दुप्पट ओरडून उत्तर दिलं आणि दोघं हसून हसून गच्चीवर लोळले. महिनाभर रोज संध्याकाळी.

म्हणजे हा सगळा भोंगा त्याने बनवला होता. आणि गेलं वर्षभर त्याच्याशी ती धड एक वाक्य बोलली नव्हती.

हे ती सांगत होती की नुसतीच रडत होती ते तिला कळलं नाही. पण सांगितलं असावं, कारण कुणीतरी तिच्या हातात रुमाल दिला आणि ड्रायव्हरकाका नाक शिंकरत होते.

"मग काय केलंत त्याच्यासाठी तुम्ही?" गणिताच्या सरांनी विचारलं.

"आईने त्याचे खिसे शिवले."

"काय?"

"खिसे. सगळे. तेवीस."

खोलीत असा काही हशा पिकला की बिस्किटांची बशी हलली. भोंग्याला आधी राग आला, पण ते हसणं आपल्याला नाही हे तिला लगेच उमगलं. सर चष्मा पुसत म्हणाले, "मी माझ्या बायकोच्या गोळ्यांची हजेरी घ्यायचो. वही घातली होती. उपस्थित, अनुपस्थित. शेरासुद्धा लिहायचो." ड्रायव्हरकाका म्हणाले, "मी मुलीच्या मागे बस घेऊन गेलो होतो. भरलेली! ती रिक्षात, मी मागे, आणि उतारू ओरडतायत, अहो आमचा स्टॉप गेला!"

"तेवीस नाही," दारातून आवाज आला.

आई होती. गळ्यात टेप तसाच, केसांना दोऱ्याचा तुकडा चिकटलेला, जिन्याने धाप लागलेली. फोन आल्यावर लेकीच्या बखोटीला धरून घरी न्यायला आली होती, ते तिच्या पदर खोचण्यावरून सरळ दिसत होतं. पण दारात उभी राहून तिने किती ऐकलं होतं कोण जाणे.

"चोवीस," आई म्हणाली. "पावसाळी जाकिटाचा आतला तू मोजला नाहीस. सगळ्यात अवघड तोच होता. अस्तरातून घ्यावा लागला."

आणि हे बोलल्यावर तिच्या लक्षात आलं आपण काय बोलून बसलो ते. तिने तोंडावर हात ठेवला. नर्सबाईंनी एक खुर्ची पुढे सरकवली, न डुगडुगणारी. आई तिच्यावर बसली, अगदी कडेला, कुठल्याही क्षणी उठून जायचं असल्यासारखी. आणि दीड तास उठली नाही.

"झाकली मूठ होती हो माझी," ती एकदा म्हणाली.

"फार वेळ झाकली की बोटं आखडतात, ताई," ड्रायव्हरकाका म्हणाले. "मग सुई कशी धरणार?"

आईने विचारलं, माझं काय चुकलं. नर्सबाई म्हणाल्या, "तुमच्यामुळे गोळ्या सुरू झाल्या नाहीत, आणि तुमच्या टाक्यांनी त्या थांबणारही नाहीत. तो पोलीस-चोर खेळ होतो. त्यात त्याची सगळी हुशारी लपवण्यात जाते आणि तुमची शोधण्यात." मग त्यांचा हळू आवाज आणखी हळू झाला. "एक मात्र नीट ऐका. त्या दिवशी ओतल्यात, तशा परत ओतू नका. अशा गोळ्या एकदम तुटल्या की शरीर हाल करतं. आणि काही दिवसांच्या खंडानंतर माणसाने पूर्वीइतक्याच घेतल्या, तर शरीराला त्या झेपत नाहीत. श्वास मंदावतो. कधी हाका मारून उठला नाही, ओठ निळसर दिसले, तर लाजबिज बाजूला ठेवायची आणि सरळ रुग्णवाहिका बोलवायची."

आईचा चेहरा पांढरा पडला. तो चौथा दिवस तिच्या डोळ्यांसमोर आला असणार. भोंग्याच्या तर आलाच.

"शनिवारी अकराला डॉक्टर असतात," नर्सबाई म्हणाल्या. "ते हळूहळू कमी करत नेतात, त्याचीही औषधं आहेत. त्याला सांगा. शांत असेल तेव्हा, थोडक्यात. भाषण नको." शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी भोंग्याकडे पाहिलं नाही, पण भोंग्याने कागद हळूच दप्तरात सारले.

"तुमची मुलगी बरी झाली का हो?" निघताना आईने ड्रायव्हरकाकांना विचारलं.

"चार वर्षं झाली. मधे दोनदा घसरली. आज बरी आहे," ते म्हणाले. "मी ड्रायव्हर माणूस. पुढच्या स्टॉपच्या पलीकडचं बोलत नाही."

रविवारी दुकान बंद असतं. दुपारी आईने दादाचे सगळे कपडे खाली आणले, ढीग घातला, आणि छोटी कात्री घेऊन खिसे उसवायला बसली. घालण्यापेक्षा उसवायला जास्त वेळ लागतो. एवढे बारीक टाके कुणी घालायला सांगितले होते? भोंगा शेजारी बसली. तिला एकच काम होतं, गप्प राहायचं, आणि तेच तिला जमण्यातलं नव्हतं. शेवटी तिने आईचीच युक्ती वापरली. डबीतून तीन टाचण्या काढून ओठांत धरल्या. तोंडात टाचण्या असलेला माणूस बोलू शकत नाही.

दादा खाली आला तो ढीग बघून जिन्यातच थांबला.

"आता काय शोधताय?"

"काही नाही. उसवतेय," आई म्हणाली.

"का?"

"चुकीचे घातले होते."

तो खाली आला, स्टूल ओढलं, ढिगातलं पावसाळी जाकीट उचललं. आतल्या खिशावरून त्याने अंगठा फिरवला. "हा कसा घातलास? महिनाभर मला कळलं नाही सुरुवात कुठे आहे ते."

"अस्तरातून," आई म्हणाली. आणि तिच्या आवाजात, अशाही वेळी, किंचित ऐट होती.

तो डाव्या हाताने उसवायला लागला. आईने कात्री खाली ठेवली. तिने चार दिवस आरशासमोर घोकलं होतं, भोंग्याने चोरून ऐकलं होतं. "मला भीती वाटते. तुझी नाही, तुझ्यासाठी. शनिवारी अकराला केंद्रात डॉक्टर असतात. ते ओरडत नाहीत. मी यायला हवी असले तर येईन, नको असले तर नाही येणार." तिने श्वास घेतला. "आणि तुझे खिसे तुझे. मी झडती घेणार नाही. पण दांडीवरच्या कपड्यांना हात लावायचा नाही. ते लोकांचे आहेत."

दादाची मान खाली होती. कान लाल झाले होते.

"नर्सबाईंच्या कोटातल्या..." तो म्हणाला, आणि पुन्हा टाके उसवू लागला.

भोंग्याच्या पोटात निदान चाळीस वाक्यं उकळत होती आणि टाचण्या थरथरत होत्या.

"आणि ही का गप्प?" दादाने विचारलं.

भोंग्याने ओठांकडे बोट दाखवलं.

दादा हसला. मोठ्याने नाही, नुसता नाकातून. पण ते जुनं हसणं होतं, गच्चीवरचं.

तेवढ्यात बाबा इस्त्रीच्या टेबलापासून म्हणाले, "ती पँट इकडे दे. चुरगळलीय." दोन महिन्यांत दादाशी बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. दादाने पँट नेऊन दिली. बाबांनी ती इस्त्री केली, खिसे आतून बाहेर काढून दोन्ही बाजूंनी, एखाद्या नवऱ्या मुलाचीसुद्धा कुणी करणार नाही इतकी नीट, आणि घडी घालायच्या आधी नर्सबाईंनी आईजवळ दिलेली वेळेची चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली. दादाने ती वाचली आणि खिशात घातली. खिसा होता म्हणून.

मग आला शनिवार.

नर्सबाईंनी बजावलं होतं, मागे मागे जाऊ नका, पहारा देऊ नका. म्हणून तिघं दुकानातच होते आणि काम करायचं सोंग करत होते. साडेदहा वाजले. वर काही हालचाल नाही. पावणेअकरा. आईने एकाच बाहीला दोनदा उलटी शिलाई मारली. अकराला बाबांनी एक शर्ट जाळला. अठरा वर्षांतला पहिला. पाठीवर इस्त्रीचा बदामी ठसा, आणि बाबा त्याच्याकडे असे बघत राहिले जणू तो दुसऱ्याच कुणी केला.

"झोपला असेल," आई म्हणाली.

भोंग्याने टाचण्यांची डबी जवळच ठेवली होती.

सव्वाअकरा झाले. आईने मशिनवरून पाय काढले आणि हात मांडीवर ठेवून बसली. त्या खोलीत तिला सांगितलं होतं की एखादी वेळ चुकली म्हणजे सगळं संपलं असं नसतं. ते तिला पाठ होतं. पाठ असणं आणि खरं वाटणं यात किती अंतर असतं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी जिना वाजला. दादा उतरला. दाढी केलेली, कपाळावर घाम, बाबांनी इस्त्री केलेली तीच पँट. दुकानात न बघता तो समोरून रस्त्याने गेला. आईने डोळे घट्ट मिटून घेतले. कोपरा वीस पावलांवर होता. डावीकडे केंद्र, उजवीकडे टोपीवाल्याचा बस स्टॉप.

"सांग," आई मिटल्या डोळ्यांनी म्हणाली.

"थांबलाय," भोंगा म्हणाली.

"मग?"

"उभाच आहे. उजवीकडे बघतोय."

बाबांनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

दादा कोपऱ्यावर उभा होता. उभा होता. माणूस किती वेळ उभा राहू शकतो! मग त्याने खिशातून चिठ्ठी काढली, वाचली, तीच पाच-सहा शब्दांची चिठ्ठी, जणू मधल्या सहा दिवसांत तिच्यावर काही वेगळं उमटलं असावं. परत खिशात ठेवली. आणि वळला.

भोंग्याच्या तोंडून आवाज फुटला तो इतका बारीक होता की आईला तो दोनदा ऐकावा लागला.

"डावीकडे. आई, डावीकडे गेला."

आई धडपडत उठून दारात आली. तिला फक्त त्याची पाठ दिसली, केंद्राच्या फाटकातून आत जाताना. दोन्ही हात खिशात, पार मनगटापर्यंत खुपसलेले.

"बघा," ती म्हणाली. पदर डोळ्यांना होता. "हजारदा सांगितलं. खिसे ओघळतील की मेल्याचे!"